माझे मिलिमीटर आणि दाजींची दाढ

गेली सव्वीस वर्षं मी लोकांचा पू सांभाळतो. त्याला खायला घालतो, उबेत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून काय उगवलं ते पट्टी लावून मोजतो. सोयरीक जुळवताना माझ्या सासऱ्यांना ‘मुलगा धाराशिवला लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. खरं काम कळलं तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. बायकोनं लग्नानंतर एकच अट घातली: घरी आलं की आधी मोरी, मग बोलणं. ती अट आजही चालू आहे.

काम समजायला सोपं आहे. डॉक्टर जखमेतला, घशातला, दाताखालचा पू घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यातले जिवाणू वाढवतो आणि एका चपट्या बशीतल्या जेलीवर सारवतो. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतो, एका औषधाची एक टिकली. दुसऱ्या दिवसापर्यंत बशीभर जिवाणूंचं दाट पीक येतं. ज्या औषधाला ते घाबरतात, त्या टिकलीभोवती गोल मोकळं अंगण राहतं. ज्याला घाबरत नाहीत, त्या टिकलीला खेटून बसतात. ते अंगण किती मिलिमीटरचं, हे मी मोजतो. टिकली स्वतःच सहा मिलिमीटरची असते, त्यामुळे माझ्या पट्टीवर शून्य कधी येत नाही. सहा म्हणजेच भोपळा.

गिऱ्हाईक नाना प्रकारचं. कळंबकडच्या एका शेतकऱ्याच्या पायाच्या जखमेतून काहीच वाढलं नाही. आम्ही तसा अहवाल दिला. ही खरं तर आनंदाची बातमी.

“चोवीस तास ठिवलं आन् काईच उगवलं न्हाय?” त्यांनी विचारलं.

“नाही. चांगलं आहे की.”

“कशाचं चांगलं? सोयाबीन उगवलं न्हाय तर आमी पंचनामा मागतो. तुमी रिकामी बशी ठिवून कागद हातात देता.”

शेवटी त्यांना आत नेऊन बशी दाखवावी लागली. त्यांनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि मला समजावलं, “पाणी कमी पडलं आसंल.”

उलट एक तेरखेड्याचे कारागीर होते, फटाके बनवणारे. त्यांच्या जबड्याला सूज होती. दाताच्या डॉक्टर मॅडमनी दाढ साफ करून पाच दिवसांचं औषध दिलं होतं. मी सहज विचारलं, पाचही दिवस घेतलं का? ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “साहेब, सुतळी बाँबात मसाला निम्मा भरला तर तो निम्मा वाजत न्हाय. नुसता फुसकतो. आन् बघायला हातात घेतला की मग वाजतो.” अर्धवट औषधाबद्दल यापेक्षा सोपं मी कुठल्याही जाड पुस्तकात वाचलेलं नाही. दुर्दैवानं जिल्ह्यातले सगळे लोक फटाके बनवत नाहीत. काही लोक निवृत्त लिपिक असतात.

माझे दाजी त्यांतले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. राहायला लोहाऱ्यात. पंचायत समितीत आयुष्य गेलं, त्यामुळे छापील कागदाची भीती नाही आणि आदरही नाही. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डॉक्टरनं पाच दिवसांचं औषध दिलं की दाजी ते दोन दिवस घेत. बरं वाटलं की उरलेल्या कॅप्सूल डब्यात जात. गल्लीत कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, एकदा तर कुणाच्या शेळीचा पाय सुजला, तरी तो डबा उघडला गेला. दाजी रंग बघून औषध देत. लाल-काळी तापाला, पिवळी पोटाला. शेळी बरी झाली, त्यामुळे नाव आणखी झालं.

स्वतःच्या दाढेसाठी त्यांची खास पद्धत होती. कॅप्सूल मधोमध उघडायची, पावडर दाढेच्या किडलेल्या खड्ड्यात भरायची आणि वर कापूस दाबायचा. “पोटात पाठवून कशाला हेलपाटा? जिथं दुखतं तिथं द्यायची. डायरेक्ट.”

हे त्यांनी एकदा माझ्याच घरी, जेवता जेवता केलं. ती पावडर लाळेबरोबर वाहून जाते आणि मागे उरते ती चिमूटभर, जिवाणूंना मारायला कमी आणि शिकवायला भरपूर. हे मला माहीत होतं. माझं पोटच त्या माहितीवर चालतं. मी समोर बसलो होतो आणि म्हणालो, “दाजी, अजून एक भाकरी घ्या.” आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर चूक म्हणत नाहीत. फार तर घसा खाकरायची मुभा असते. मी खाकरलो. त्यांनी मला पाणी दिलं.

मागच्या वर्षी त्या दाढेनं मान टाकली. गाल सुजला. मी त्यांना धाराशिवच्या दाताच्या मॅडमकडे घेऊन गेलो. मॅडम तरुण, पण हात सावकाश आणि जीभ चटपटीत. त्यांनी दिव्याचा उजेड पाडून आत पाहिलं.

“काका, दाढेत काय भरलंय?”

“औषध.”

“कोणतं?”

“जे असंल ते.”

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या दाजींच्या दाढेत मेडिकलचं दुकान आहे.” दाजींना हे कौतुक वाटलं.

इथे रूट कॅनालबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. दाताच्या मुळात बारीक पोकळी असते, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की नस मरते, रक्त बंद होतं आणि पोकळीत जिवाणूंची वस्ती बसते. गोळी रक्तातून फिरते. जिथे रक्तच जात नाही तिथे गोळी जाणार कशी? नळ तोडलेल्या घराला टाकी भरून काय फायदा? म्हणून दाढ उघडून ती पोकळी घासावी लागते. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विचारतात, “मग गोळी कोणती घेऊ?”

मॅडमनी दाढ उघडली, पू काढला, पोकळी शक्य तेवढी धुतली. कागदाची एक वात, सुईहून थोडी जाड, मुळात घालून भिजवली आणि तपासायला माझ्याकडे दिली. वर तात्पुरतं सिमेंट भरलं. “काका, काम निम्मं झालंय. चार दिवसांनी यायचं म्हणजे यायचं. सूज वाढली तर त्याआधी. औषध रिपोर्ट बघून देते.” दाजींनी मान डोलावली. घरी जाताना रिक्षात म्हणाले, “दुखायचं थांबलं की. आता काय यायचं?”

त्या वातीतून जे उगवलं ते द्राक्षाच्या घडासारखे जमून राहणारे गोल जिवाणू होते. बशीवर मी दोनदा पट्टी लावली. पेनिसिलिन चोवीस मिलिमीटर. क्लिंडामायसिन नावाचं दुसरं औषध, बावीस मिलिमीटर. टेट्रासायक्लिन सहा.

आता नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच अडलं. प्रत्येक औषधाची पास होण्याची रेघ वेगळी असते. या जिवाणूसाठी पेनिसिलिनचं अंगण निदान एकोणतीसचं हवं. चोवीस म्हणजे नापास, औषध चालणार नाही. क्लिंडामायसिनला एकवीस पुरतात. बावीस म्हणजे पास. हे आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात असतं. अहवालाच्या कागदावर शेवटच्या रकान्यात फक्त एक इंग्रजी अक्षर येतं: नापासाला आर, पासाला एस. डॉक्टर ते अक्षर बघतात आणि औषध लिहितात.

मिलिमीटरचा आकडा छापायची काहीएक गरज नसते. बऱ्याच लॅबवाले छापत नाहीत. आमच्या कागदावर तो छापायचा हट्ट माझा. इतक्या निगुतीनं मोजायचं आणि कुणी बघायचंच नाही, हे मला सोसवेना. लॅबच्या मालक डॉक्टरांना मी पटवलं होतं, “सर, आकडा असला की लोकांचा विश्वास बसतो.”

बसला.

अहवाल तयार झाला त्या दिवशी मॅडम लातूरला लग्नाला गेल्या होत्या. दाजी बँकेच्या कामाला धाराशिवला आले होते, ते थेट लॅबमध्ये येऊन खुर्चीत बसले. “कागद द्या, पाव्हणं.”

“उद्या मॅडम येतील. त्यांच्याकडेच देतो.”

“मला इंग्रजी येतं.”

सगळा स्टाफ बघत होता. मी कागद दिला. ‘डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही घेऊ नका’ हे वाक्य मी इतरांना दिवसातून दहा वेळा म्हणतो. दाजींना म्हटलं, “चहा घेणार?”

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. दाजींनी लोहाऱ्यात जाऊन चष्मा लावला आणि कागद वाचला. औषधांची नावं, पुढे आकडे, पार उजवीकडे एकेक अक्षर. त्यांच्या कचेरीत उजवीकडच्या शेवटच्या रकान्याला शेरा म्हणत, आणि शेरा कुणी वाचत नसे. त्यांनी आकडे वाचले. पहिला नंबर चोवीसचा. त्या ओळीत पेनिसिलिनच्या शेजारी अमॉक्सिसिलिन छापलेलं, कारण ते त्याच घरातलं. आणि तीच कॅप्सूल डब्यात शिल्लक होती, दोन-तीन जणांची उरलेली मिळून. दाजींना त्यात ईश्वरी संकेत दिसला. मॅडमकडे ते गेलेच नाहीत.

कागद नेल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी दहाला आक्काचा फोन आला.

“त्यांचं तोंड उघडंना रे. थुंकी गिळंना. गळा फुगलाय, बोलत्यात ते कळंना.”

“औषध कोणतं घेतलं?”

“तू दिलेल्या कागदातलंच की! सगळ्यात जास्त मार्क व्हते ती.”

माझ्या हातात त्या वेळी पट्टी होती. मी ती खाली ठेवली. दाढेचा पू जबड्याखाली उतरला की जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होत जाते. त्याला वेळ फार लागत नाही. मी आक्काला म्हटलं, “धाराशिवला येऊ नका. जीप कर आणि थेट सोलापूर गाठ. दाजींना आडवं झोपवू नको, बसवूनच ने.” आणि मी तुळजापूरमार्गे सोलापूरला निघालो. वाटेत हिशेब केला, दुसरं काही जमतच नव्हतं. दिवसाला तीन, चार दिवस, बारा कॅप्सूल. बाराच्या बारा त्या जिवाणूंनी चहाबरोबर खाल्ल्या असणार.

दवाखान्यात दाजी खुर्चीत पुढे वाकून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडातून लाळ गळत होती आणि प्रत्येक श्वासाला करवत चालवल्यासारखा आवाज येत होता. मला बघून त्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. कळलं नाही. तिथल्या सर्जननी विचारलं, “कल्चर केलंय का?” मी कागद पुढे केला. त्यांनी उजवा रकाना दोन सेकंद पाहिला.

“क्लिंडामायसिन चाललं असतं. ते दिलं का?”

“नाही.”

“मग काय दिलं?”

मी चोवीसवर बोट ठेवलं. त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. “हा कागद कुणी केलाय?”

“मी.”

त्यांनी दाजींना आत घेतलं.

आक्का आणि मी बाहेर बाकावर बसलो. ती म्हणाली, “तुला म्हाईत व्हतं ना, ते डब्याचं?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तू?”

“मी बायको हाय. माझं कोण ऐकतंय? तू तर शिकलेला.” मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “शेळीच्या टायमालाच थांबवाय पाह्यजे व्हतं.”

दाजी वाचले. जबड्याखाली चीर देऊन पू काढला, दाढ उपटली, दोन दिवस श्वासाची नळी होती. क्लिंडामायसिननं काम केलं, नुसत्या बावीस मिलिमीटरवर. सर्जन म्हणाले, अजून दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी आकड्यांचा माणूस, पण तो ‘दोन’ मी कुठे लिहून ठेवलेला नाही.

धाराशिवला परत आल्यावर पहिलं काम म्हणजे नोंदवही काढली. डॉक्टरांमार्फत न जाता थेट रुग्णाच्या हातात गेलेले वर्षभरातले आकडेवाले अहवाल शोधले. एकोणीस निघाले. एकोणीस फोन केले. बहुतेकांनी कागद डॉक्टरांना दाखवला होता. तिघांनी दाजींसारखंच सगळ्यात मोठा आकडा बघून औषध घेतलं होतं आणि तिघंही ठणठणीत होते. एक बाई तर आभार मानू लागल्या, “लई गुण आला बघा तुमच्या कागदाचा.” शरीर आपलं काम गुपचूप करतं आणि श्रेय गोळी घेऊन जाते. आणखी एकाचा फोन तेवढा लागला नाही. मी अजून लावतो. कागदावरचा आकड्यांचा रकाना मी काढून टाकायला लावला. मालकांनी विचारलं, “विश्वासाचं काय?” मी म्हटलं, “जास्त झाला होता.”

दरम्यान दाताच्या मॅडमना वेगळाच छंद लागला. दाजींच्या दाढेतला तो जिवाणू मी जपून ठेवला होता. त्या ज्या कॉलेजात शिकल्या, तिथे त्यांनी तो जनुकं तपासायला पाठवला. या जिवाणूची मिजास आली कुठून, हे त्यांना बघायचं होतं. उत्तर आलं: औषधाला दाद न देणारी दोन जनुकं. एकाचं काम पेनिसिलिनची कडी तोडणारी कात्री बनवणं. दुसऱ्याचं काम टेट्रासायक्लिन जिथे जाऊन चिकटतं तिथून त्याला उपटून काढणं.

जनुक म्हणजे काय, हे मी असं समजतो. जिवाणूच्या अंगात एक मोठी वही असते, तिच्यात त्याचा सगळा संसार लिहिलेला. शिवाय काहींच्या खिशात सुट्या चिठ्ठ्या असतात. अमुक औषध आलं तर काय करायचं, याचं उत्तर त्या चिठ्ठीवर. आपल्याकडच्या दहावीच्या परीक्षा ज्यांनी जवळून पाहिल्यात, त्यांना पुढचं सांगायला नको. चिठ्ठी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते. जिवाणू ती पुढे देण्याआधी स्वतःसाठी नक्कल काढून ठेवतो, एवढाच फरक. आणि देताना समोरच्याची जात विचारत नाही. तेवढ्यापुरता तो आपल्यापेक्षा पुढारलेला आहे. रूट कॅनालची पोकळी म्हणजे पर्यवेक्षक नसलेला वर्ग. शरीराचे शिपाई तिथे पोचत नाहीत, औषध पोचतं ते वासापुरतं, आणि वेगवेगळ्या जातीचे जिवाणू मांडीला मांडी लावून बसलेले.

डब्यात टेट्रासायक्लिनच्या जुन्या कॅप्सूलही होत्या, हे खरं. म्हणून ती चिठ्ठी दाजींच्या दाढेतच तयार झाली असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. ती बाहेरूनही आली असेल. पण चिठ्ठीवालेच जगावेत आणि बिनचिठ्ठीचे मरावेत, अशी सोय दाजींनी वर्षानुवर्षं केली होती, स्वतःच्या हातानं, वर कापूस दाबून.

दोन महिन्यांनी दाजी आणि आक्का आमच्याकडे जेवायला आले. बायकोनं मऊ भात आणि वरण केलं होतं. दाजींचा आवाज जरा घोगरा झाला होता, बाकी तोरा तोच. मी जनुकांचं सांगितलं.

“जीन म्हंजे खानदानी का?” दाजींनी विचारलं. “आमचे आई-वडील तर सगळे दात घेऊन गेले.”

“जंतूचं खानदान हाय ते,” आक्का म्हणाली. “तुमचं कोण इचारतंय?”

जेवणं झाल्यावर मी आतून तो अहवाल आणला. आठ दिवस मनाशी घोकलेलं वाक्य एकदाचं बोललो. “दाजी, तुम्ही डब्यातली औषधं घेत होता ती चूक होती. मी बघत होतो आणि बोललो नाही, ती माझी चूक. आणि हा कागद, हीसुद्धा माझीच.” मग त्यांना रेघा समजावल्या. पेनिसिलिनला एकोणतीस लागतात, त्याला चोवीसच पडले. दुसऱ्याला एकवीस लागतात, त्याला बावीस पडले.

दाजींनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“एकोणतीस कुठं लिव्हलंय?”

“नाही लिहिलं.”

“एकवीस?”

“तेही नाही.”

“म्हंजे पाव्हणं, तुमी परीक्षा घेतली, मार्क मिलिमीटरपर्यंत दिले, आन् पास कितीला ते आपल्या पोटात ठिवलं.”

बायको ताटं उचलायची थांबली होती. आक्का काहीतरी बोलणार होती, पण दाजींनी हातानं तिला थांबवलं. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“लिवा हितं. दोन्ही आकडे. खाली सही करा.”

मी एकोणतीस लिहिलं, एकवीस लिहिलं. सही केली. दाजी वाकून बघत होते, जबड्याखालचा चिरेचा व्रण अजून लाल होता.

“तारीख टाका,” ते म्हणाले. “आजची. मागची टाकू नका.”